धावपट्टीवरची न्याहारी, गावातलं जेवण

फोकस्टनला गाडी रेल्वेच्या डब्यात चढवली की इंग्लिश खाडीखालचा बोगदा ३५ मिनिटांत पार होतो. फ्रान्समध्ये ल माँला जूनमध्ये होणाऱ्या शर्यतीला निघालेल्या आमच्या गाडीत चौघं होतो. यॉर्कशरचे निवृत्त शिक्षक, ज्यांना मी मास्तर म्हणते. सुट्टीच्या दिवशी नारिंगी कपडे घालून ट्रॅकवर बिनपगारी मार्शलचं काम करणारा वेल्सचा एक मेकॅनिक. माझ्याच कचेरीतली, बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए गावची इंजिनिअर मैत्रीण. आणि मी, मूळची कोल्हापूरची, नोकरीनिमित्त मिल्टन कीन्सला राहणारी. चौघांनाही रेसचं वेड. पण बोगद्यात विषय निघाला तो डिकीतल्या थंड पेटीचा.

"बेकन नाही ना आणलंत?" मैत्रिणीनं मास्तरांना विचारलं.

नव्हतं आणलं. पूर्वी ते यॉर्कशरच्या खाटकाकडून पाठीच्या मांसाचे बेकनचे काप बांधून घ्यायचे आणि ल माँच्या कॅम्पमध्ये सकाळी परतायचे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, जानेवारी २०२१पासून, ब्रिटनमधून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ संघाच्या हद्दीत नेता येत नाहीत. डब्यातलं हॅमचं सँडविचसुद्धा नाही. एप्रिल २०२५मध्ये ब्रिटननं उलट दिशेनंही तसाच नियम केला. युरोपात लाळ्या-खुरकुताची साथ दिसली होती, म्हणून. त्यामुळे मास्तरांच्या पेटीत चहाच्या पुड्या होत्या आणि एक ब्राऊन सॉसची बाटली. म्हणजे आता चव हवी असेल तर तिच्या गावालाच जायला हवं.

ब्रिटनमधलं जेवण बेचव आणि खाडीपलीकडचं चांगलं, असं रेसच्या शौकिनांत सरसकट बोललं जातं. पुष्कळ ब्रिटिश माणसंही ते मान्य करून टाकतात. मास्तर करत नाहीत. त्यांच्या मते ब्रिटिश माणूस सकाळी चांगलं खातो आणि फ्रेंच माणूस दुपारी, एवढाच फरक. मैत्रिणीचं म्हणणं, सकाळच्या एका पावावर कुठल्या देशाची लाज राखली जात नाही. हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. या उन्हाळ्यात मी ठरवलं, की एकेका ट्रॅकवर जायचं, तिथलं खायचं आणि मगच तोंड उघडायचं.

ल माँचं सर्किट १३.६२६ किलोमीटरचं आहे आणि त्यातला बराचसा भाग रोजच्या वापरातला रस्ता आहे. शर्यतीच्या गाड्या ज्या युनोदिएरच्या सरळ पट्ट्यावरून ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात, तो ल माँहून तूरला जाणारा हमरस्ता. एरवी त्यावरून ट्रक जातात, शेतकरी जातात, कडेच्या खानावळींत माणसं दुपारी जेवायला थांबतात. १९२३ साली पहिली २४ तासांची शर्यत झाली ती याच परिसरातल्या रस्त्यांवर. शर्यत गावात आली, गाव शर्यतीसाठी हललं नाही.

त्यामुळे शर्यतीच्या दिवशी खायला मिळतं ते गावाचंच. ल माँचा मान रियेतचा. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, अगदी त्याच्या रेषा सुट्या होईपर्यंत. मग मीठ-मिरी घालून, घोटून, थंड करून भांड्यात भरतात. ते पावावर जाडसर लावायचं आणि सोबत व्हिनेगरमधली बोटभर काकडी. शहरातल्या एका दुकानात आम्ही ते घ्यायला गेलो तर दुकानदार बाईंनी आधी विचारलं, आज खाणार की उद्या? आज म्हटल्यावर त्यांनी पुढचं भांडं बाजूला सारून मागचं उघडलं. कधी खाणार, किती जण आहात, पाव कुठला घेतलात, ही सगळी चौकशी झाल्यावरच पुडी बांधली. मागे रांग होती, आणि रांगेतलं कुणी कुरकुरत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपली चौकशी व्हायला हवी होती.

शनिवारी दुपारी चारला शर्यत सुटते आणि रविवारी चारला संपते. रात्री दोन-अडीचला, गाड्यांचे दिवे झाडांवरून सरकत असताना, सगळीकडे मर्गेझचा वास असतो. उत्तर आफ्रिकेतून फ्रान्समध्ये आलेलं हे तिखट, लालभडक सॉसेज लांब पावात घालतात आणि वर तळलेले बटाटे कोंबतात. त्यात मटणाबरोबर पुष्कळदा गोमांसही असतं, म्हणून मी विचारून घेते. नुसत्या मटणाचं मिळालं तेव्हा पहिल्या घासालाच जिरं जाणवलं आणि झोप उडाली.

सकाळी आमच्या तंबूशेजारच्या इंग्रजांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं होतं. मास्तरांनी फ्रेंच दुकानातून पोटाकडच्या मांसाच्या पट्ट्या आणून परतल्या, पावात घातल्या आणि वर आपली ब्राऊन सॉसची बाटली उपडी केली. हा सॉस इंग्रजांच्या जिवाभावाचा. पण त्यातला सर्वांत प्रसिद्ध, पूर्वी बर्मिंगहॅममध्ये बनणारा एचपी सॉस, २००७पासून नेदरलँड्समध्ये बनतो. मैत्रिणीनं ते मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "कुठे बनतो याला महत्त्व नाही, कुणाला लागतो याला आहे." मला ते पटलं.

इंग्रजांचं ल माँवरचं प्रेम जुनं आहे. बेंटलीनं १९२४ साली इथे जिंकलं, मग १९२७ ते १९३० सलग चार वर्षं. १९२७ची विजेती गाडी वाटेत दुसऱ्या गाड्यांवर आदळून वाकडीतिकडी झाली होती आणि तरी पहिली आली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली तेव्हा ती गाडी भोजनगृहात आणून पाहुण्यांच्या मधोमध उभी केली होती. सॅव्हॉयच्या स्वयंपाकघराची घडी मुळात ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच माणसानं बसवलेली. म्हणजे श्रीमंत ब्रिटनला चांगलं खाणं काय हे ठाऊक होतं. ते सामान्य माणसाच्या ताटापर्यंत का पोचलं नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला मिळालं.

सिल्व्हरस्टोन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्करी विमानतळ. १९४३ साली तो सुरू झाला आणि वेलिंग्टन बॉम्बर विमानांवर तिथे तरुण वैमानिकांना शिकवत. आजही ट्रॅकवर हँगर स्ट्रेट नावाचा पट्टा आहे. आणि सिल्व्हरस्टोन एकटं नाही. थ्रक्स्टन, स्नेटरटन, कॅसल कोम, क्रॉफ्ट, गुडवुड, हे सगळे युद्धातले विमानतळ होते. ब्रिटनच्या मोटर रेसिंगचा निम्मा संसार धावपट्ट्यांवर उभा आहे.

याचं मूळ कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये मोटारींना कायद्यानं कडक वेगमर्यादा होती, १९०३च्या कायद्यानंही ती ताशी २० मैलांच्या पुढे गेली नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं अशक्यच होतं. त्याच वर्षीची गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत म्हणूनच खास कायदा करून आयर्लंडमध्ये घ्यावी लागली. मग १९०७ साली ह्यू लॉक किंग यांनी सरेमधल्या आपल्या जमिनीवर ब्रुकलँड्स बांधलं, केवळ मोटारींच्या शर्यतीसाठी उभारलेलं जगातलं पहिलं सर्किट. तिथे जमायची ती उच्चभ्रू मंडळी. युद्धात ब्रुकलँड्स विमान कारखान्यांकडे गेलं आणि तिथे पुन्हा शर्यत झालीच नाही. शर्यतवाल्यांच्या हाती उरले ते रिकामे विमानतळ.

१३ मे १९५०ला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत झाली. राजे सहावे जॉर्ज आणि राणी हजर होते. अल्फा रोमिओच्या ज्युसेप्पे फारिनानं ती जिंकली. त्या दिवशी ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं. ते सुटलं त्याच महिन्यात, २६ मेला. साखर, मिठाई, लोणी, मांस, सगळं रेशनवर होतं. मांसाचं रेशनिंग थेट जुलै १९५४मध्ये उठलं, म्हणजे जानेवारी १९४०मध्ये सुरू झालेली टंचाई साडेचौदा वर्षं चालली. युद्धात दूध वाचवण्यासाठी सरकारनं बहुतेक सगळं चीज एकाच साच्यातलं करायला लावलं आणि शेताशेतावरची वेगवेगळी चीज बंद पडली. एक अख्खी पिढी स्वयंपाकघरात चव शोधायला न शिकता मोठी झाली. एलिझाबेथ डेव्हिड यांचं भूमध्य समुद्राकाठच्या स्वयंपाकावरचं पुस्तक याच १९५० साली आलं, तेव्हा ऑलिव्हचं तेल बहुतेक इंग्रज घरांना औषधाच्या दुकानातूनच माहीत होतं.

तेव्हा ब्रिटिश जेवणाला नावं ठेवताना ही साडेचौदा वर्षं मोजायला हवीत. ज्या पिढीनं पडक्या विमानतळांवर गवताच्या पेंढ्या मांडून जगातली सर्वांत मोठी रेसिंगची परंपरा उभी केली, त्याच पिढीनं कुपनावर मांस घेतलं. तळलेले मासे आणि बटाटे मात्र युद्धातही रेशनवर गेले नाहीत. सरकारला ठाऊक होतं की ते बंद केलं तर कामगार माणसाचा धीर सुटेल.

सिल्व्हरस्टोन नावाचं गाव शेजारीच आहे, पण ट्रॅक त्याच्या गल्लीतून जात नाही. सपाट माळ, भणाणता वारा, तारेचं कुंपण. इथे खाणं येतं ते चाकांवर, गाड्या भरून, आणि रविवारी संध्याकाळी निघून जातं. विकणारा तिथला नसतो आणि खाणारा पुन्हा कधी भेटेल याची खात्री नसते. इथे एका दुपारी मला गार, मेणचट पास्ता भरपूर पैसे देऊन मिळाला. इटलीतला पास्ताही असाच झाला असता, जर तो तंबूत सकाळी शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवला असता.

पण त्याच दिवशी पहाटे मास्तरांनी आपली बाजू मांडली होती. टोस्टरजवळ, रोमनांनी आखलेल्या वॉटलिंग स्ट्रीटवरून, म्हणजे आजच्या ए-५ रस्त्यावरून जाताना ट्रकवाल्यांची कॅफे लागते. सकाळचे सहा. आत नारिंगी कपड्यांतले मार्शल, ट्रकचालक, मोटारसायकलवाले, खांद्याला खांदा लावून बसलेले. समोर काळा लोखंडी तवा. स्वयंपाकी बाईंनी पाठीच्या मांसाचे रुंद काप त्यावर टाकले, वर लोखंडी ठोकळा ठेवून दाबले, कडेची चरबी सोनेरी आणि कुरकुरीत होईपर्यंत उलटले नाहीत. मऊ गोल पाव मधोमध कापला आणि कापलेली बाजू त्याच चरबीत क्षणभर टेकवली. "ब्राऊन की रेड, राणी?" बाईंनी मला विचारलं. मी ब्राऊन म्हटलं. चिंच, खजूर, व्हिनेगर आणि मसाल्यांचा तो आंबटगोड सॉस खारट मांसावर पडला तेव्हा मास्तर माझ्या तोंडाकडे पाहत होते. सोबत मोठा मग भरून कडक, दुधाचा चहा. कुठलाही शौकीन या पावाला नावं ठेवणार नाही. पहाटे चारला उठून थंडीत उभं राहणाऱ्या माणसाला जे हवं ते सगळं त्यात आहे: मीठ, चरबी, ऊब आणि दोन मिनिटांत हातात.

जुलैअखेर बेल्जियममधल्या स्पाला गेलो. आता मैत्रिणीची पाळी होती. स्पा-फ्राँकोरशाँचं सर्किट आज ७.००४ किलोमीटरचं आहे. १९७९पूर्वी ते त्याच्या दुप्पट होतं आणि फ्राँकोरशाँ, माल्मेदी, स्ताव्हलो या तीन गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरून धावायचं. स्ताव्हलोच्या जुन्या मठात सर्किटचं संग्रहालय आहे. जुन्या वळणांवरून आजही गाडी नेता येते. घरांच्या भिंती रस्त्याला इतक्या लागून, की चालकांच्या हिंमतीचं नवल वाटतं.

इथे शर्यत म्हणजे आपल्याकडे गावच्या जत्रेत बैलगाडे सुटतात तसं आहे. शर्यत बघायला आलेला माणूस गावाचाच पाहुणा असतो आणि गाव त्याला आपलं ठेवणीतलं खाऊ घालतं. गल्लीच्या तोंडाशी बटाट्यांची टपरी. बिंत्ये जातीचे बटाटे, बोटाएवढे जाड कापलेले. आधी साधारण १५० अंशांच्या चरबीत तळून पांढुरके असतानाच बाहेर काढतात आणि पसरून निवू देतात. निवताना आतली वाफ बाहेर पडते, गर मऊ होतो. मग गिऱ्हाईक आलं की पुन्हा, या वेळी १८०च्या आसपास, कडकडीत. झारा झटकला की टपरीवाला कानानं ऐकतो. बटाटे एकमेकांवर खडखडले तरच ते कागदाच्या कोनात जातात. वर मेयोनेज, किंवा टोमॅटो-मिरची घातलेला अँदालूझ सॉस, आणि टोचायला इवलासा काटा.

ही चरबी परंपरेनं गोमांसाची असते. मी ती खात नाही, म्हणून मैत्रिणीनं वनस्पती तेलात तळणारी टपरी शोधली. ते बटाटेसुद्धा मी आजवर खाल्लेल्यांत सर्वांत चांगले होते. मूळ चव याहून खोल असते असं ती म्हणते, आणि तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे. नंतर तिच्या आईनं व्हेर्व्हिएहून पाठवलेला भाताचा टार्ट आला: दुधात आटवलेला भात, अंडी, साखर, खाली खुसखुशीत पारी आणि वरून तपकिरी डाग पडलेला. सर्किटवरच्या ओ रूज या चढावर पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही चौघं एका छत्रीखाली तो टार्ट खात उभे होतो आणि मास्तर गप्प होते.

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातलं न्युर्बुर्गरिंग हे सिल्व्हरस्टोन आणि स्पा या दोन्हींच्या मधलं. ब्रुकलँड्ससारखं तेही खास शर्यतीसाठी बांधलेलं, पण या गरीब भागातल्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून, आणि न्युर्बुर्ग गावाच्या व किल्ल्याच्या भोवतीनं. १९२७ साली ते खुलं झालं. नॉर्डश्लाइफ हा त्याचा जुना भाग आज २०.८ किलोमीटरचा आहे. न्युर्बुर्ग गावातल्या एका हॉटेलच्या तळघरात पिस्टेनक्लाउझे नावाची खानावळ आहे. भिंतींवर चालकांच्या सह्या, फोटो, शर्यतीच्या गाड्यांचे तुकडे. तापलेल्या दगडावर मांस ताटातच भाजून खायचं. १९९६ आणि १९९७ साली इथली २४ तासांची शर्यत जिंकणारी, ती जिंकणारी पहिली स्त्री, साबिने श्मिट्झ, याच हॉटेलवाल्यांची मुलगी. हॉटेलच्या कामाचंच शिक्षण घेतलेली. २०२१मध्ये ती गेली, तेव्हा जगभरचे शौकीन हळहळले. मला तिच्या आयुष्यात या सगळ्या विषयाचं सार दिसतं. गावातली खानावळ आणि गावातला ट्रॅक एकाच घरात नांदले, म्हणून तिथून अशी चालक निघाली.

सप्टेंबरमध्ये मोंझा. १९२२ साली राजवाड्याच्या बागेत, ११० दिवसांत बांधलेलं सर्किट. बागेच्या भिंतीबाहेर मोंझा शहर, त्यामुळे झाडीतून चालत पंधरा-वीस मिनिटांत माणूस रस्त्यावरच्या खानावळीत. शर्यतीच्या आदल्या दुपारी आम्ही मोंझाचा रिसोत्तो मागवला. त्यात लुगानेगा नावाचं बारीक, लांब, वेटोळं सॉसेज सुटं करून कांद्याबरोबर परततात, मग तांदूळ, मग पळी पळीनं रस्सा, शेवटी केशर, लोणी आणि चीज. वाढप्यानं आधीच सांगितलं, वीस मिनिटं लागतील. वेल्सच्या मेकॅनिकनं घड्याळ पाहिलं. पात्रता फेरीला वेळ होता. शेजारच्या टेबलावर लाल टोप्या घातलेलं एक कुटुंब, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. भात आला तो ताटात पसरणारा, पिवळाधमक, दाण्याच्या मध्यात किंचित कणखर. बाहेर बागेच्या दारात टपऱ्यांवर भाजलेल्या सालामेल्लाचे पाव मिळत होते, तेही उत्तम होते. कारण ते विकणारा शेजारच्या गावचा आणि विकत घेणाराही.

इटलीत रेसिंग आणि जेवण किती घट्ट बांधलेलं आहे हे मारानेल्लोत कळतं. फेरारीच्या कारखान्याच्या दारासमोर कावाल्लिनो ही खानावळ आहे. एन्झो फेरारी तिथल्या मागच्या खोलीत जेवायचे, पाहुण्यांना तिथेच घेऊन जायचे. १९८८मध्ये ते गेले, पण कारखान्याची पंगत आजही रस्त्याच्या त्याच बाजूला बसते.

आता निवाडा. ट्रॅकच्या दारात जे मिळतं त्यात युरोप ब्रिटनच्या फार पुढे आहे, यात मला शंका नाही. पण त्यावरून ब्रिटनला खाता येत नाही असं म्हणणं अन्याय आहे. डॉनिंग्टन पार्कचं उदाहरण घ्या. लेस्टरशरच्या वायव्य टोकाला हा ट्रॅक आहे, डार्बीशर आणि नॉटिंगहॅमशरच्या सीमेलगत. स्टिल्टन हे निळ्या शिरांचं चीज कायद्यानं फक्त या तीनच परगण्यांत बनवता येतं. त्याच लेस्टरशरमध्ये मेल्टन मोब्रे आहे, जिथला पोर्क पाय युरोपभर संरक्षित नाव मिळवून बसला: हातानं घडवलेली कणकेची वाटी, आत न खारवलेलं चिरलेलं मांस, भाजताना कडा फुगून बाहेर आलेल्या, आणि मध्ये थंड झालेला रस्सा. मेल्टनच्या बाजारात तो पाय, स्टिल्टनचा तुकडा आणि सफरचंद घेऊन मी डॉनिंग्टनला गेले आणि गवतावर बसून खाल्लं. ल माँच्या रियेतच्या तोडीचं होतं. दाराशी मात्र बर्गरच्या गाड्या उभ्या होत्या. मांस, चीज, कसब, सगळं ब्रिटनमध्ये आहे. ते ट्रॅकच्या दारापर्यंत येत नाही, कारण हे ट्रॅक कुंपणाआड वाढले.

आणि एका बाबतीत ब्रिटन सगळ्या युरोपच्या पुढे आहे. ते सगळ्यांना जेवायला घालतं. शाकाहारी मंडळ या देशात १८४७ साली स्थापन झालं, आणि आज साध्यातल्या साध्या कॅफेच्या फळ्यावरही शाकाहारी पदार्थापुढे खूण असते. युरोपातल्या टपऱ्यांवर मला एकेक पदार्थ विचारून घ्यावा लागतो. सिल्व्हरस्टोनच्या त्याच मैदानात बिर्याणी मिळते, कॅरिबियन जर्क चिकन मिळतं, डोसाही मी पाहिला आहे. तासाभरावर बर्मिंगहॅम, जिथे काश्मिरी-पाकिस्तानी घरांनी पोलादी कढईतली बाल्टी १९७०च्या दशकात रुजवली. भारतातून शर्यतीला आलेल्या शाकाहारी कुटुंबाला मी डोळे मिटून सिल्व्हरस्टोनला पाठवेन. स्पाला पाठवताना तळणीचं तेल विचारायला शिकवून पाठवेन.

कुंपण हटलं की काय होतं, हेही मी पाहिलं आहे. २०१७मध्ये इंग्लंडच्या कायद्यात बदल झाला आणि सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यत घ्यायची परवानगी मिळू लागली. पुढच्याच वर्षी एसेक्समध्ये क्लॅक्टनच्या परिसरात इंग्लंडमधली अशी पहिली रॅली झाली. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेले होते. शेतांमधल्या अरुंद रस्त्यांवरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गावाच्या सभागृहात टेबलं मांडलेली: घरी केलेले केक, लिंबाचे टार्ट, ताजे सँडविच, किटल्या भरून चहा. पैसे चर्चच्या छपराला किंवा शाळेला. संध्याकाळी समुद्रकाठी तळलेले मासे. विकणाऱ्या आजीबाई मला विचारत होत्या, गाड्या नीट दिसल्या का, उद्याही येणार का. ल माँच्या दुकानदार बाईंचीच चौकशी ती, फक्त इंग्रजीतली. इतक्या वर्षांनी शर्यत इंग्लंडच्या गावात शिरली आणि गावानं पहिल्याच फटक्यात ताट वाढून दाखवलं.

म्हणून मला वाटतं, ब्रिटनमधल्या ट्रॅकच्या मालकांनी दारातल्या निम्म्या जागा आसपासच्या वीस मैलांतल्या लोकांना द्याव्यात. डॉनिंग्टनला मेल्टनचा पाय, थ्रक्स्टनला हॅम्पशरचे मासे, सिल्व्हरस्टोनला ए-५वरचा तो तवा. मास्तर आणि मैत्रीण दोघांनाही हे मान्य आहे, आणि त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट असावी. आपल्याकडून शर्यत पाहायला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की तिकिटाबरोबर जेवणाचाही बेत आखा. बॅगेतला चिवडा-चकली राहू दे, तोही हवाच. पण ल माँला दुकानात जाऊन रियेत मागा, मोंझाला भातासाठी वीस मिनिटं थांबा, आणि सिल्व्हरस्टोनला जाताना ट्रॅकच्या आधी, पहाटे, ट्रकवाल्यांच्या कॅफेत उतरा. शर्यत टीव्हीवर घरबसल्या दिसते. त्या गावचं ताट तिथे गेल्याशिवाय मिळत नाही.